मार्लीनचा हलका हात
आईला इतकी वर्षं मी एकटीने सांभाळलं. यंदा पुन्हा नोकरी धरली आणि दिवसा तिच्यासोबत राहायला मार्लीनला ठेवलं. मार्लीन हैतीची, तिला मराठीचा गंध नाही. आज इथे अमेरिकेत, श्रूजबरीत बर्फ; ऑफिस लवकर सुटलं. घरी पोचले तर आई डोळे मिटून तिच्याकडून वेणी घालून घेत होती. माझा हात लागला तरी हीच आई ओरडते. “रस्ते खराब होतायत, तू निघ,” इंग्रजीत गोड बोलून मी मार्लीनला घालवलं आणि अर्धवट वेणी हातात घेतली. “तू नको. तू ओढतेस.” “इतकी वर्षं मीच घातली ना गं?” “म्हणून तर सांगतेय.” आईने कंगवा काढून घेतला. मी तिच्यापुढे पाठ करून जमिनीवर बसले. “मग माझी घाल.” तिने भांग पाडला, केस करकचून ओढले. मी कळवळले. “मार्लीनची घालते तेव्हा ती नाही अशी हलत,” आई म्हणाली.