भिंतीला लागलेली सवय

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते, आणि तेव्हापासून वाचनालयाच्या दर्शनी भिंतीने आपली जाळी उघडली नव्हती. ती जाळी नुसती शोभेची नव्हती. पाच मजल्यांचा भार तीच पेलायची आणि वारा-ऊन बघून आपल्या फासळ्या हलवायची. कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं, हे बाबांनी रोज सकाळी तळवा टेकवून तिला नऊ वर्षं शिकवलं होतं.

"तुमचा हात अगदी साहेबांसारखा आहे, ताई," देखभाल बघणाऱ्या खोब्रागडेबाई म्हणाल्या. "ठेवा की. लाजता काय, भिंतच तर आहे."

शलाका लाजत नव्हती. तिच्या दहावीच्या निकालादिवशीही बाबा आधी इथे आले होते. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं, असं आई म्हणायची.

तिने तळवा टेकवला. भिंत जरा थबकली. मग भिंतीनेच तिचा तळवा दोनदा हलकेच दाबला, तापलेल्या मुलाचा हात दाबावा तसा. बाबांनी शलाकाचा हात असा कधीच धरला नव्हता.

"हे कुठून शिकली ही?"

"साहेबांचीच सवय ती. परके हात फार लागले तर विसरेल."

वर एकेक फासळी उघडू लागली. शलाकाने हात काढला नाही.

"तुमचा हात लागतो हिला?"

"पुसताना लागतोच."

"उद्यापासून मी पुसेन," शलाका म्हणाली.