चार क्लॅम्प

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सुतार नवरा एरवी घुमा. पण चौकटीला गोंद लावला की तो सुकेपर्यंत कोपरा काटकोनात धरून बसायचं काम बायकोचं, आणि तेवढा अर्धा तास तो भरभरून बोलायचा. शहरातल्या मुलाने कोपरा घट्ट पकडून ठेवणारे चार काटकोनी क्लॅम्प पाठवले. "आईचे हात मोकळे होतील."

दुसऱ्याच दिवशी ते गायब.

"पाय फुटले की काय त्यांना?"

"मला काय ठाऊक! आणा इकडे, मी धरते."

पुढे नवरा गेला, मुलगा परदेशी राहिला. एकट्या उरलेल्या तिने एके दिवशी ट्रंकेच्या तळातून क्लॅम्प काढले आणि मुलाला फोनवर सगळं सांगून टाकलं.



"बाबांना ठाऊक होतं, आई. दुसरे पाठवू का विचारलं, तर म्हणाले, 'नको रे. ट्रंकेत आहेत ते. राहू देत तिथेच.'"