कालवांच्या ताटाशेजारी

बाबांची बोट विकून घेतलेल्या शेअरचा कागद आईनं कालवांच्या ताटाशेजारी ठेवला. "ओदील, बंदरावर म्हणतात, आपली बँक बुडणार. विकून टाकू का?" ओदीलनं उचललेलं कालव परत ताटात ठेवलं. फ्रान्सच्या शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेची ती अध्यक्ष. मंगळवारी त्याच बँकेचा घोटाळा जाहीर व्हायचा होता. बायकोला नुसती कुणकुण लागू दिली, म्हणून गेल्याच महिन्यात तिनं एका अधिकाऱ्याला हाकललं होतं. एरवी आईनं असं विचारलं की ती हसून दटावायची, "बँकांचं नाव काढलंस तर पुढच्या रविवारी जेवायला येणार नाही!" आज तिला हसूच येईना. खाली मान घालून ती पाव कुस्करत राहिली. आईनं तिच्याकडे पाहिलं, कागद उचलला, शेजारणीला फोन लावला. "सोआझिक, उद्याच शेअर विकून टाक. अगं, ओदील चकार शब्द बोलली नाही, म्हणून तर सांगतेय!"