बाजूला व्हा!

प्रथमोपचार पथकाचं ट्रेनिंग रविवारी बजाजनगरच्या हॉलमध्ये संपलं. सर्टिफिकेटं मिळाली, नारिंगी जाकिटं मिळाली आणि नशीब बघा, दारातच केसही मिळाली. भाजीवाल्या चतुराबाईला मोटारसायकलवाला उडवून पळाला होता. कपाळातून रक्त वाहत होतं.

पहिला धडा मला तोंडपाठ होता: आधी गर्दी हटवा. मी ओरडलो, "बाजूला व्हा! पेशंटला हवा येऊ द्या!" पण आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही. तीस-चाळीस जण बाईभोवती कोंडाळं करून उभे, आणि वर एकमेकांनाच सांगतायत, "बाजूला व्हा!" एक जण तर बाईचा हात धरून उठवायलाच निघाला. त्याला मी दम देऊन पार कोपऱ्यापर्यंत पिटाळलं.

परत आलो, तर चतुराबाई कपाळाला पदर दाबून स्वतःच उठून बसली होती.

"घाबरू नका मावशी," मी म्हणालो. "काय ही बघ्यांची गर्दी!"

"साहेब, ह्या समद्यांच्या अंगात तुमच्यासारखंच जाकीट हाय," ती म्हणाली. "मला दवाखान्यात न्यायला बिनजाकिटाचा एकच आला व्हता, रिक्षावाला फारूख. त्यालाच तुमी हाकललं."