कड्यावरचा भुजंग

कडूबाई आजही पडद्याच्या अगदी पुढ्यात येऊन बसली, तेव्हा तंबूच्या फटीतून बघणाऱ्या बन्सीधररावांनी तोंड फिरवलं.

निजामी मुलखात कॅमेरा आणून पूर्णेच्या काठी चित्र काढणारे पहिले तेच. मूकपटांवर त्यांनी मोठं नाव कमावलं. मग बोलपट आले आणि कंपनी बुडाली. आता उरलेला एकच मूकपट घेऊन ते गावोगावी तंबू ठोकत. या हंगामात मुक्काम सेलूला होता.

त्या चित्रात घोड्यासकट कड्यावरून कोसळणारा स्वार म्हणजे पेडगावचा भुजंग, मेंढरं राखणारा, कडूबाईचा एकुलता लेक. तो खरोखरच कोसळला होता आणि जागीच गेला होता. कॅमेरा चालूच होता. बन्सीधररावांनी ते दृश्य चित्रात ठेवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

कडूबाई हंगामापुरती सेलूच्या कापसाच्या जिनात मजुरीला आली होती. काम सुटलं की ती तंबूत येई. लेक पडला की तोंडाला पदर लावून उठून जाई. भांडली नाही, कधी एक शब्द बोलली नाही. बन्सीधररावांना तेच सोसेना.

शेवटी त्यांनी मशीन चालवणाऱ्या सटवाजीला तो भाग कापायला सांगितलं. लोक त्याच्यासाठीच येतात, असं सटवाजी कुरकुरला.

"लोकांचं ऱ्हाऊ दे," बन्सीधरराव म्हणाले. "त्या माउलीला रोज पोराचं मरण दाखवायलोत आपण."

सटवाजीनं भुजंग घोड्यावर बसतो तिथपासूनचं सगळं कापून दिलं. दुसरी प्रत नव्हतीच. पुन्हा मोह नको म्हणून बन्सीधररावांनी फितीला स्वतः काडी लावली. ती भडकून गेली, आणि कितीतरी वर्षांनी त्यांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी कडूबाई थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. अंगावर धुतलेलं लुगडं होतं. मागं तिचा पदर धरून एक पोर उभी होती.

"मालक, ही भुजंगची लेक," ती म्हणाली. "त्यो गेला तवा पोटात व्हती. हिनं बापाचं तोंड बघितलं न्हाई. आज गाडीनं पेडगावावून आणली."

तिनं पोरीला पुढं घेतलं.

"हिचे डोळे कवा झाकायचे, ते म्या रोज येऊन बघून ठुलंय. पडायच्या आधी त्यो घोड्यावर बसून हसतोय बघा, तेवढंच हिला दावते."