वास घेऊन पाह्य

लॉकडाऊनमुळे नवरा पुण्यात अडकला आणि जवाहरनगरच्या क्वार्टरमधला त्याचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक कीर्तीच्या गळ्यात पडला. आज त्यातलं ॲनिमोन नावाचं समुद्रफूल तोंड वासून पडलं होतं. मासे तरीही त्यालाच बिलगून होते. "वास घेऊन पाह्य," नवरा फोनवर म्हणाला. "घाण आली तर मेलं समज. लगेच काढ, नाहीतर त्याच्या विषानं मासेही जातील." तिनं भीतभीत पाण्यापाशी नाक नेलं. काहीच वास नव्हता. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूबाई नाकाला पदर लावून आल्या. "काहून वो, गॅसवरचं दूध करपलं, पेटीतून सडक्या मासोळीवानी घाण सुटली, तुले वास नाही येऊन राहिला?" कीर्तीनं पुन्हा श्वास ओढला. काहीच नाही. सासूबाई तिच्या कपाळाला हात लावायला पुढं आल्या. "आई, जवळ नका येऊ!" मागं मासे फुलाला आणखी बिलगले.