चौथं पत्र

सिनेमातला भाऊ सख्ख्या बहिणीला वेडी ठरवून मनोरुग्णालयात डांबतो. मग ती काळात मागे जाते, भावाने कागदावर सही करायच्या आधीच तिथे पोहोचते आणि स्वतःला सोडवते. दुपारचा खेळ बघून घरी आलो तरी आमच्या ह्यांचा पारा काही उतरेना.

"असल्या भावाला चपलेने हाणलं पाहिजे," दारात चपला काढता काढता हे म्हणाले. "बहीण चांगली ठणठणीत, आणि हा तिला कोंडून ठेवतो!"

मी कपाटातून वन्संच्या मनोरुग्णालयाचं चौथं पत्र काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. 'तुमची बहीण दोन वर्षांपासून पूर्ण बरी आहे. कृपया सही करून घरी घेऊन जावे.'

ह्यांनी पत्राला हातही लावला नाही. "तुझं दरवेळी हेच! ती इथे राहायला आली तर लोक काय म्हणतील? बघू पुढे." आणि टीव्ही लावला.

मी टीव्ही बंद केला आणि पत्रावर पेन आपटलं.

"त्या सिनेमातल्या बाईला काळात मागे जावं लागलं. वन्संना आणायला नाक्यावरून बस मिळते. करा सही, नाहीतर तुमची मघाची चप्पल दारातच आहे."